भयपट, थरारपट आणि 'तसली' पात्रं

घंटाळीकर

रहस्यभेदाचा इशारा आधीच देतो. 'मुंबई पोलीस' हा मल्याळम सिनेमा, 'देवा' आणि आणखी काही सिनेमांचे शेवट खाली उघडे केले आहेत. ज्यांना ते पाहायचे आहेत त्यांनी आधी पाहून या.

१९९१ सालची गोष्ट. नौपाड्यात आमच्या इमारतीत एकाच घरी व्हीसीआर होता. शनिवारी वर्गणी काढून लायब्ररीतून दोन कॅसेट आणायच्या, एक मारधाडीची, एक भुताची. मी चौदा वर्षांचा होतो. त्या रात्री 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'चा दुसरा भाग लागला होता, १९८५चा. पहिल्या भागात फ्रेडी, स्वप्नात येऊन पंजाने मारणारा खुनी, मुलीच्या मागे असतो. या भागात तो जेसी नावाच्या मुलाच्या अंगात शिरतो. जेसी रात्री घामाने भिजून किंचाळत उठतो. आपल्या आत कोणीतरी आहे हे त्याला घरी सांगता येत नाही. एका प्रसंगी तो मैत्रिणीला अर्ध्यात सोडून मित्राच्या खोलीत पळत जातो आणि मला इथे झोपू दे म्हणून गयावया करतो.

इमारतीतला एक दादा म्हणाला, "हा तसला आहे रे." सगळे हसले. मी हसलो नाही, आणि हसायला हवं होतं हे मला उशिरा सुचलं. त्या रात्री फ्रेडीच्या पंजाचं मला काही वाटलं नाही. कोणीतरी ट्यूबलाइट लावेल आणि माझ्या तोंडाकडे बघेल, एवढीच भीती होती.

पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं की जेसीचं काम करणारा मार्क पॅटन खरंच गे होता आणि तेव्हा ते लपवून होता. सिनेमा आल्यावर लोकांनी ते 'ओळखलं', आणि एड्सच्या भीतीच्या त्या दिवसांत त्याने अभिनयच सोडून दिला. पटकथा लिहिणारा कित्येक वर्षं म्हणत राहिला की मी तसं काही लिहिलंच नव्हतं, ते त्या नटामुळे दिसलं. नंतर त्याने कबूल केलं की ते मुद्दाम लिहिलं होतं. २०१९च्या 'स्क्रीम, क्वीन!' या माहितीपटात पॅटन त्याच्यासमोर बसून जाब विचारतो. तो प्रसंग मी तीनदा पाहिलाय. आमच्या इमारतीतल्या त्या दादाला मात्र मी आजपर्यंत काही विचारलेलं नाही.

'तसला' हा शब्द घेऊनच हा धागा काढतोय. आपल्या भाषेत कितीतरी वर्षं आमच्यासाठी नीट शब्दच नव्हता. 'तो तसा आहे' म्हटलं की ऐकणाऱ्याला कळायचं. हॉलिवूडचंही तेच होतं. १९३४ पासून १९६८ पर्यंत तिथे एक आचारसंहिता होती, तिच्यात 'लैंगिक विकृती'चा उल्लेखही चालत नसे. १९४८च्या हिचकॉकच्या 'रोप'मध्ये दोन तरुण एका घरात राहतात, आपल्याच वर्गमित्राचा गळा आवळतात, प्रेत पेटीत ठेवतात आणि त्या पेटीवर पाहुण्यांना जेवण वाढतात. पटकथाकार आर्थर लॉरेंट्स गे होता आणि दोन नायकांपैकी एकाशी, फार्ली ग्रेंजरशी, त्याचे तेव्हा संबंध होते. तो सांगतो की त्या दोन पात्रांचं नातं काय आहे हे स्टुडिओत सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलताना त्याला फक्त 'ते' म्हणत. आमचं 'तसा' आणि त्यांचं 'ते'.

आणि त्याच्याही आधी दिग्दर्शक जेम्स व्हेल. 'फ्रँकेन्स्टाइन' १९३१, 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' १९३५. हा गे माणूस त्या काळातही स्वतःबद्दल फारशी लपवाछपवी न करता जगत होता. 'ब्राइड'मधला एक प्रसंग मी ज्याला त्याला दाखवतो. जाळपोळ करणाऱ्या गावापासून पळालेला तो राक्षस जंगलातल्या एका आंधळ्या साधूच्या झोपडीत येतो. साधू व्हायोलिन वाजवत असतो. त्याला दिसत नाही म्हणून तो घाबरत नाही. राक्षसाला जेवू घालतो, त्याला बोलायला शिकवतो. राक्षस शिकतो काय, तर एकटं वाईट, मित्र चांगला. मग दोन शिकारी येतात, त्यांना डोळे असतात, आणि झोपडी जळते. दोन पुरुष, एक घर, आणि बाहेरून आलेल्यांनी ते पेटवणं. व्हेलच्या मनात काय होतं यावर अभ्यासक वाद घालतात. मला त्या वादाची गरज वाटत नाही, कारण तो प्रसंग माझ्या ओळखीचा आहे.

आता मूळ मुद्दा. परवा ठाणे-वाशी गाडीत दोन मुलं 'देवा'बद्दल बोलत होती. शाहिद कपूर, २०२५, मुंबईचा पोलीस अधिकारी देव आंब्रे. त्यांना मूळ सिनेमा माहीत नव्हता. २०१३चा 'मुंबई पोलीस', दिग्दर्शक तेच रोशन अँड्र्यूज. पृथ्वीराजचा अँटनी मोझेस मित्राच्या खुनाचा तपास करतो, अपघातात त्याची स्मृती जाते, तो तपास पुन्हा पहिल्यापासून करतो आणि शेवटी कळतं की खुनी तोच आहे. मित्राला त्याच्याबद्दल कळलं होतं. अँटनी गे आहे, आणि ते बाहेर येईल या भीतीने त्याने आपल्या जिवलग मित्राला मारलं. केरळातल्या एवढ्या मोठ्या नटाने कारकीर्द भरात असताना ही भूमिका घेतली. हिंदीत येताना खुनाचं कारण बदललं आणि हा सगळा भाग गळाला.

मला त्याचं वाईट वाटलं. मूळ सिनेमातही खूप खुपतं. स्मृती गेलेल्या अँटनीसमोर त्याचा प्रियकर येतो तेव्हा त्याला स्वतःच्याच आयुष्याची किळस येते, ते बघवत नाही. पण निदान खून कशामुळे झाला हे तो सिनेमा सांगतो. प्रेमामुळे झाला नाही, दडवण्यामुळे झाला. ते काढलं की उरतो एक देखणा पोलीस आणि गोळ्या.

तुम्हाला काय वाटतं? आणि तुम्ही असं पात्र पहिल्यांदा कुठे पाहिलंत?


कोपरीकर

छान लिहिलंय. आमच्याकडे आनंद टॉकीजला भुताचे सिनेमे बघण्यात बालपण गेलं, त्यामुळे आपलेपणाने वाचलं.

पण एक शंका, राग मानू नका. थरारपटात कोणीतरी खलनायक असणारच. तो लंगडा असतो, एकाक्ष असतो, परदेशी असतो, अतिश्रीमंत असतो. प्रत्येक गटाने आमचा खलनायक नको म्हटलं तर लेखकाने खलनायक आणायचा कुठून? गे माणूस खुनी असूच शकत नाही का?


रीळ३५

असू शकतो, कोपरीकर. प्रश्न प्रमाणाचा आहे. ज्या काळात पडद्यावर प्रेमात पडलेला, ऑफिसला जाणारा, म्हातारा होणारा गे माणूस दाखवायलाच बंदी होती, त्या काळात खुनी तेवढा चालायचा, कारण शेवटी त्याला शिक्षा होई. आचारसंहितेला तेच हवं होतं. एकाक्ष खलनायक पाहिला तर आपण बाहेर आल्यावर दोन डोळ्यांचे नायक शंभर पाहतो. इथे दुसरं काही पाहायलाच मिळत नव्हतं.

काही नावं देतो, जमेल तशी बघा. 'रिबेका' (१९४०) मधली मिसेस डॅनव्हर्स मेलेल्या मालकिणीचे कपडे नव्या सुनेला दाखवते, त्या तलम कापडावरून हात फिरवते, आणि शेवटी जळत्या घरात राहते. 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन' (१९५१) मधला ब्रूनो, गाडीत भेटलेल्या अनोळखी खेळाडूवर असा काही भाळतो की त्याच्यासाठी खून करून येतो. त्याच्याही मागे 'ड्रॅक्युलाज डॉटर' (१९३६), त्यात ती चित्र काढायच्या निमित्ताने एका मुलीला घरी बोलावते. आणि या सगळ्याच्या मुळाशी शेरिडन ल फान्यूची 'कार्मिला' ही कादंबरिका, १८७२ची. म्हणजे ड्रॅक्युलाच्या पंचवीस वर्षं आधी बाईवर प्रेम करणारी व्हॅम्पायर बाई लिहून झाली होती.

१९७९ साली 'क्रूझिंग'चं चित्रीकरण न्यूयॉर्कमध्ये चाललं होतं. गे बारमध्ये फिरणाऱ्या खुन्याची गोष्ट, अल पचिनो पोलीस. वस्तीतल्या लोकांनी शिट्ट्या, भोंगे वाजवून इतका गोंधळ घातला की बरेचसे संवाद नंतर स्टुडिओत पुन्हा भरावे लागले. 'बेसिक इन्स्टिंक्ट'च्या वेळी सॅन फ्रान्सिस्कोत तेच झालं. 'सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज'वर त्यातल्या बाई होऊ पाहणाऱ्या खुन्यावरून टीका झाली, आणि त्याचा दिग्दर्शक जोनाथन डेमीचा पुढचा मोठा सिनेमा होता 'फिलाडेल्फिया', १९९३. एड्स झालेल्या गे वकिलाची गोष्ट.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा सिनेमा मात्र 'व्हिक्टिम', १९६१, इंग्लंडचा. इंग्रजी सिनेमात 'होमोसेक्शुअल' हा शब्द पहिल्यांदा त्यात उच्चारला गेला. तो थरारपटच आहे. ब्लॅकमेल करणारी टोळी, एक तरुण मुलगा पोलीस कोठडीत गळफास घेतो, आणि एक नावाजलेला बॅरिस्टर, स्वतः अडकलेला, आपली कारकीर्द संपणार हे माहीत असून त्या टोळीमागे लागतो. डर्क बोगार्ड तेव्हा पोरींच्या गळ्यातला ताईत होता, त्याने हे काम घेतलं. इथे गुन्हेगार कोण आहे हे पहिल्यांदा बरोबर दाखवलं. सहा वर्षांनी, १९६७ मध्ये, इंग्लंडने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा तो कायदा बदलला.


ऐरोली९२

रीळ३५ यांनी 'व्हिक्टिम'चं नाव घेतलं म्हणून लिहितोय, नाहीतर नुसता वाचत असतो.

आपल्याकडे तोच कायदा इंग्रजांनी १८६० साली लिहून ठेवला आणि सहा सप्टेंबर २०१८ पर्यंत राहिला. मध्ये २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिलासा दिला होता, तो ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतला. कोपरीकर, तुम्ही विचारलंत तो प्रश्न बरोबर आहे, पण माझा अनुभव ऐका.

२०१६ मध्ये एका ॲपवर ओळख झाली. तीन आठवडे बोलणं चाललं होतं. कविता पाठवायचा. भेटायला खाडीकडच्या रस्त्यावर बोलावलं. मी पोहोचलो, पाच मिनिटांत बाइकवरून आणखी दोघं आले आणि आम्ही पोलीस आहोत म्हणाले. माझा मोबाइल काढून घेतला. आईचा नंबर काढून स्क्रीन माझ्यासमोर धरली आणि हिरव्या बटनावर अंगठा ठेवला. एटीएमवर नेऊन अठरा हजार काढायला लावले. त्यांच्याबरोबर तो कविता पाठवणाराही गेला. ते पोलीस नव्हते हे मला तेव्हाच कळत होतं, तरी तक्रार केली नाही. करायची म्हटलं तर आधी मी तिथे का गेलो होतो ते सांगावं लागलं असतं, आणि तेव्हा तो गुन्हा होता.

ओनिरच्या 'आय ॲम' (२०१०) मधली 'ओमर' ही गोष्ट बघा. जवळजवळ हेच. तो काही भयपट नाही. पण मी तो एका दमात पाहू शकलो नाही, मध्ये उठून दाराची कडी तपासून आलो.

त्यामुळे मला वाटतं, आमच्यासाठी थरारपट लिहायला लेखकाला वेगळं रहस्य रचावं लागतच नव्हतं. ते कायद्यानेच दिलेलं होतं. प्रत्येकाच्या घरात एक तयार होतं.


कोपरीकर

ऐरोली९२, वाचून गप्प झालो. तो अंगठ्याचा तपशील डोक्यातून जात नाहीये.

माझी शंका मी मागे घेत नाही, पण ती मी फार आरामात बसून विचारली होती हे कळलं. 'व्हिक्टिम' बघतो.


उपवन

धागाकर्त्यांशी थोडं भांडायचं आहे. 'देवा'तून ते काढलं याचा मला आनंद झाला.

कारण सांगते. २००४ मध्ये मी अकरावीत होते आणि 'गर्लफ्रेंड' आला. ईशा कोप्पीकर, अमृता अरोरा. मैत्रिणींबरोबर मॅटिनीला गेले, कॉलेज बुडवून. पोस्टर पाहून छाती धडधडत होती. हिंदी सिनेमात माझ्यासारखी कोणीतरी, इतक्या मोठ्या पडद्यावर. आणि काय दाखवलं? ती मत्सराने वेडी होते, लहानपणी अत्याचार झाला म्हणून 'तशी' झाली असं सांगतात, मैत्रिणीला पुरुष भेटल्यावर ती जीव घ्यायला उठते आणि शेवटी मरते. ती मेल्यावर थिएटरमध्ये लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बाजूला बसलेल्या, जिच्यावर माझं प्रेम होतं त्या मुलीनेही वाजवल्या. त्या वेळी काही संघटनांनी थिएटरवर मोर्चे नेले होते, आपल्या संस्कृतीत असं काही नसतं म्हणून. लेस्बियन संघटनांनीही निषेध केला, की आम्ही अशा नसतो. दोन्ही बातम्या एकाच पानावर वाचल्याचं आठवतं, आणि कोणाच्या बाजूने उभं राहायचं ते सतरा वर्षांच्या मुलीला कळत नव्हतं.

त्या एका सिनेमाने मला नऊ वर्षं गप्प ठेवलं. अतिशयोक्ती नाही. म्हणून म्हणते, आणखी एक पिढी शाहिद कपूरला बघून शिकली असती की गे माणसाला पकडलं तर तो मित्राला गोळी घालतो. दडवण्यामुळे खून झाला हा बारकावा तुम्हाला कळतो घंटाळीकर, आमच्या शेजारच्या काकांना कळणार नाही.

त्यापेक्षा हे बघा. 'डेढ इश्किया', २०१४. चोरी, अपहरण, पिस्तुलं सगळं आहे. आणि भिंतीवर दोन सावल्या आहेत, बेगम आणि मुनिया, इस्मत चुगताईंच्या 'लिहाफ' या कथेला केलेला सलाम. दोन्ही चोर बघत राहतात आणि बायका आपलं आयुष्य घेऊन निघून जातात. जिवंत. दुसरा 'द हँडमेडन', २०१६, पार्क चान-वूकचा. मूळ इंग्रजी कादंबरी व्हिक्टोरियन लंडनमधली, त्याने ती जपानी अमलाखालच्या कोरियात नेली. फसवणुकीत फसवणूक, वेड्यांचं इस्पितळ, तळघर, अंगावर काटा येतो. आणि शेवटी दोघी बोटीवर असतात. मी तो शेवट पाहून एवढी रडले की बायकोने (मी तिला बायकोच म्हणते, समलिंगी लग्नाबद्दल न्यायालय २०२३ मध्ये काहीही म्हणालं असलं तरी) दिवा लावून विचारलं, काय झालं.


घंटाळीकर

उपवन, टाळ्यांचा प्रसंग वाचून माझी ट्यूबलाइट आठवली. तुमचं म्हणणं अर्धं पटलं. शेजारच्या काकांना कळणार नाही हे खरं आहे. तरीही मला वाटतं, आमच्याबद्दलचं वाईट लिखाण सुधारायला हवं होतं. हिंदी लेखकाकडे बारा वर्षं होती, मधल्या काळात कायदा गेला होता. स्मृती परत आलेला देव आंब्रे प्रियकराला ओळखतो आणि किळस न येता त्याच्यापाशी बसतो, असं एक दृश्य लिहायला काय हरकत होती? खुनाची शिक्षा होऊ दे. पण त्याला एकदा स्वतःला ओळखू दे. ते न करता पात्रच पुसलं, म्हणजे आमच्यावर काही बोलायचंच नाही. हे पुन्हा 'ते' झालं.


चैत्रपालवी

मी ट्रान्स स्त्री आहे, कळव्याला राहते. इथे गे आणि ट्रान्स यांची सरमिसळ होऊ नये म्हणून लिहिते, कारण सिनेमांनी ती पुष्कळ केली आहे. 'सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज'वरचा राग मुख्यतः त्यामुळेच होता.

आपल्याकडे 'सडक', १९९१. त्यातली महाराणी, कुंटणखाना चालवणारं तृतीयपंथी खलपात्र. सदाशिव अमरापूरकरांनी ते काम असं केलं की फिल्मफेअरने खलनायकासाठी वेगळा पुरस्कार सुरू केला त्याचा पहिला मान त्यांना गेला. मी त्यांच्या अभिनयाला नमस्कार करते. पण माझ्या शाळेत मला त्यानंतर महाराणी म्हणत. सातवीपासून दहावीपर्यंत. हजेरीला माझं नाव आलं की मागच्या बाकावरून तो आवाज काढत.

त्यामुळे २०११चा तमिळ 'कांचना' मी पाहिला तेव्हा गोंधळले. तिथे भूत ट्रान्स बाईचं आहे, शरतकुमारनी केलेलं. तिला मारलेलं असतं, जमीन बळकावलेली असते, आणि ती परत येऊन सूड घेते. नायकाच्या अंगात येते आणि नायक साडी नेसून तिच्या वतीने लढतो. त्याचाच हिंदी 'लक्ष्मी', २०२०, त्यात शरद केळकर. सिनेमा म्हणून दोन्हींत आरडाओरडा फार. पण 'कांचना'च्या वेळी थिएटरात लोक ट्रान्स बाईच्या बाजूने ओरडत होते, मार त्याला म्हणून. माझ्या बाजूने इतके लोक कधी ओरडले नव्हते. खंत एवढीच की आधी मरावं लागतं. जिवंत असताना तिला कोणी वाचवत नाही, मेल्यावर सगळे घाबरतात आणि हात जोडतात.


घंटाळीकर

चैत्रपालवी, तुमच्या शेवटच्या ओळीवरून आठवलं, मूळ लेखात लिहायचं राहून गेलं होतं.

मी तिशी ओलांडली, स्थळांना नाही म्हणत राहिलो, तेव्हा गावाकडची माझी आत्या म्हणाली, "अरे, लग्नाशिवाय गेलास तर मुंजा होशील." तिने ते मायेनेच म्हटलं. पिंपळावर बसलेला, मुंज झालेला पण लग्नाआधी मेलेला मुलगा. मी आपल्या भुतांची यादी मनात काढू लागलो. मुंजा लग्न न होता गेलेला. बाळंतपणात गेली तर हडळ. ज्याला पाणी द्यायला मागे कोणी नाही तो अतृप्त. आपली भुतं राजवाड्यातली सरदार मंडळी नसतात, ती संसाराच्या उंबऱ्याबाहेर राहिलेली माणसं असतात. सोयरिकीच्या हिशेबात न बसलेली. गाव त्यांना एक झाड देतं आणि संध्याकाळनंतर तिकडे जाऊ नको म्हणून पोरांना सांगतं.

मला भयकथा का आवडतात याचं उत्तर मला त्या दिवशी आत्याने दिलं. मी लहानपणापासून भुताच्याच बाजूने ऐकत होतो. घरातले लोक दार लावून बसलेले असतात आणि बाहेरचा कोणीतरी आत यायला बघतो, तेव्हा मला नेहमी बाहेरच्याची काळजी वाटायची, थंडी असेल, पाऊस असेल.

आपल्या नाटकातही तो उंबरा आहेच. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' मध्ये १९८१ साली सुमित्रा रंगमंचावर आली, रोहिणी हट्टंगडींनी ती उभी केली. त्या काळात केवढं धाडस. पण तिची गोष्ट सांगायला मित्र लागतो, आणि शेवटी ती जीव देते. व्हेलचा राक्षस, जेसी, अँटनी, सुमित्रा, या सगळ्यांवर माझं प्रेम आहे. आता मात्र मला शेवटच्या रिळापर्यंत श्वास घेणारं कोणीतरी हवं आहे. भुताटकीत अडकू दे, रक्त सांडू दे, घाबरू दे, पण सकाळी चहा पिताना दिसू दे.

आणि एक. कशिश हा आमच्यासारख्यांच्या सिनेमांचा महोत्सव मुंबईत २०१० पासून भरतो. लिबर्टीला एकदा रात्रीचा खेळ पाहिला. अंधारात सातशे-आठशे लोक एकदम दचकले, एकमेकांच्या दंडाला धरलं, हसले. मध्यंतरात दिवे लागले. मी तोंड फिरवलं नाही.


रीळ३५

शेवटपर्यंत जगणारी हवीत तर 'फिअर स्ट्रीट', २०२१, तीन भाग. दीना आणि सॅम, दोन मुली. तिसऱ्या भागात तीनशे वर्षं मागे, १६६६ मध्ये जातो, आणि चेटकीण म्हणून जिला फाशी दिलं तिचा खरा 'गुन्हा' काय होता ते कळतं. दीना-सॅम वाचतात. 'चकी'ची मालिकाही बघा, २०२१ची. ती खुनी बाहुली जन्माला घालणारा लेखक डॉन मॅनचिनी स्वतः गे आहे, आणि तिथे नायकच एक गे शाळकरी मुलगा आहे.


जास्वंद

मी नेरुळला राहते, वय एकसष्ट. धारप आणि मतकरी वाचून मोठी झाले. रात्री 'गहिरे पाणी' लागायचं तेव्हा आमच्या ह्यांना झोप यायची आणि मी एकटी दिवा मालवून बघायचे. माझा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी मी पोळ्या लाटत असताना त्याने मला सांगितलं. माझ्या हातून एक पोळी करपली, तेवढंच. मग दोघांनी बसून ती करपलेलीच खाल्ली, कारण काय बोलायचं ते सुचेना.

तेव्हापासून तो चांगला आहे, मी चांगली आहे, पण त्या विषयावर आम्ही बोलत नाही. सिनेमे मात्र एकत्र बघतो, शनिवारी, भुताचेच. हा धागा मी दोनदा वाचला. मला एक सिनेमा सुचवा, ज्यात असं पात्र असेल, मरणार नाही, उघडंवाघडं काही नसेल, आणि खरंच भीती वाटेल. मी स्वतःहून लावेन. तो विचारेल हा का लावलास, तर काय सांगायचं ते माझं मी बघेन.


उपवन

काकू, 'द हँडमेडन' आत्ता नको, तो नंतर. त्यात उघडंवाघडं आहे.


घंटाळीकर

जास्वंदताई, 'द हाँटिंग', १९६३. रॉबर्ट वाइज. कृष्णधवल. शर्ली जॅक्सनच्या कादंबरीवरून. एका जुन्या वाड्यात चार माणसं राहायला जातात, त्यात थिओ नावाची मुलगी आहे, क्लेअर ब्लूमने केलेली. तिच्याबद्दल कोणी उघड काही बोलत नाही, पण लपवतही नाहीत. हुशार, नीटनेटकी, जरा तिखट जिभेची. भूत एकदाही दिसत नाही. एक बंद दार आतल्या बाजूला फुगतं, बस. धारप वाचणाऱ्या बाईला तो आवडेलच.

एकच सांगून ठेवतो. मध्ये एका ठिकाणी दुसरी मुलगी रागाच्या भरात थिओला निसर्गाची चूक म्हणते. तिथे खुपेल. त्याला खुपेल.


जास्वंद

काल लावला.

दार फुगलं तेव्हा त्याने पाय सोफ्यावर घेतले, लहान असताना घ्यायचा तसे. तुम्ही सांगितलेलं वाक्य आलं तेव्हा त्याने रिमोट उचलून सिनेमा थांबवला आणि स्वयंपाकघरात गेला. मी मागे गेले नाही. गॅस पेटल्याचा आवाज आला, मग आलं किसल्याचा. पाच-सात मिनिटांनी दोन कप घेऊन आला, माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "पुढे लाव. मला बघायचंय ती शेवटपर्यंत राहते का."

राहते.

मग त्याने विचारलं, हा का लावलास. मी म्हटलं, तुझ्याशी बोलायचं होतं म्हणून. आम्ही दीडपर्यंत जागे होतो. त्याचा एक मित्र आहे, सानपाड्याला राहतो, त्याला भुताची फार भीती वाटते म्हणे. पुढच्या शनिवारी जेवायला बोलावलंय. उपवन, तो कोरियन सिनेमा आम्ही मायलेक नंतर कधीतरी बघू. शनिवारसाठी तिघांनी मिळून बघण्यासारखा, फार भीतीचा नसलेला एखादा सुचवा. आणि टीव्हीवर खालची इंग्रजी अक्षरं मोठी कशी करायची तेही कोणीतरी सांगा, चष्मा लावूनही मला अर्धी सुटतात.